सुकटीचा वास

रंभाच्या डब्यात त्या दिवशी तोंडल्याची भाजी आणि तांदळाच्या दोन भाकऱ्या होत्या. हे मी सगळ्यात आधी सांगून टाकतो, कारण नंतर आमच्या टॉवरमध्ये या डब्याविषयी इतकं बोललं गेलं की खरं काय ते कुठेतरी लिहून ठेवलेलं बरं. श्रावणातला दुसरा मंगळवार होता. डबा माझ्या ओट्यावर उघडला गेला आणि मी तो माझ्या डोळ्यांनी पाहिला. सुकट नव्हती, जवळा नव्हता, बोंबलाचा काटासुद्धा नव्हता.

आता रंभा कोण ते सांगतो.

घोडबंदर रोडला आमचं संकुल आहे. सात टॉवर, पोहण्याचा तलाव, ज्येष्ठ नागरिकांसाठी बाकडी. मागच्या बाजूला, खाडीच्या अंगाला, एक जुनं गावठाण उरलं आहे. कौलारू घरं, दारात सुकत घातलेली जाळी, एक देऊळ. रंभा त्या गावठाणातली सून. पंचेचाळिशीची असेल, काटक, बोलायला मोकळी. आमचा सी टॉवर उभा आहे तिथे तिच्या सासऱ्याची भातशेती होती. "काका, तुमची लिफ्ट हाय ना, बरोबर तिथं आमची विहीर व्हती," असं ती हसत हसत सांगते. मला मात्र हसू येत नाही. जमीन भावकीतल्या थोरल्यांनी विकली. ज्यांच्या हातात कागद होते त्यांच्या दारात आता मोठ्या गाड्या आहेत, आणि रंभाच्या नवऱ्याच्या, गोविंदाच्या वाट्याला जुनं घर आणि खाडीतलं जाळं आलं. तर ज्या जमिनीत रंभाने लग्न झाल्यावर चार पावसाळे भात लावला, त्याच जमिनीत शिरायला तिला आता मोबाईलवरचा पास लागतो.

हा पास म्हणजे काय प्रकार आहे तेही ऐका. सोसायटीचं एक ॲप आहे. कामवाल्या बाईने गेटवर चेहरा दाखवायचा, पडदा हिरवा झाला की आत यायचं. ती ज्या घरी काम करते त्या घराने तिला तारे द्यायचे, पाचपैकी किती ते. आणि एखाद्या घराने तिला काढलं आणि कारण लिहिलं, की ते कारण सातही टॉवरांतल्या प्रत्येक घराला दिसतं, आणि कमिटीने ठरवेपर्यंत पास बंद. मी चौतीस वर्षं नोकरी केली. साहेबाच्या शिव्या खाल्ल्या, पण तारे कुणी दिले नाहीत. माणसाने माणसाला तारे देण्याची ही अक्कल कुणाच्या डोक्यातून निघाली, देव जाणे.

मी विठ्ठल. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो, राहायला ठाकुर्लीला. बायको गेल्यावर मुलाने, अपूर्वने, मला इथे सतराव्या मजल्यावर आणून ठेवलं. मुलगा-सून सकाळी आठला निघतात ते रात्री उगवतात. दिवसभर घरात मी आणि माझी खुर्ची. आमच्याकडे रंभा नऊला येते, आणि आमचं आटोपलं की शेजारी निशिगंधाकडे जाते. त्याच मजल्यावर तिची आणखी दोन घरं. चार घरं, एक मजला, एकच लिफ्ट. त्यावर तिचं घर चालतं.

रंभाची एक गोष्ट मला पहिल्यापासून आवडायची. गावठाणात कुणाची हळद असली की भाकऱ्यांना तिला बोलावणं येतं. पाच-सहा बायका चुलींवर बसतात आणि तांदळाच्या शेकडो भाकऱ्या पडतात. एकदा तिने मलाही गावात नेऊन बसवलं होतं. तवा तापला की नाही हे बाकीच्या बायका पाणी शिंपडून बघत होत्या. रंभा फक्त हाताची मागची बाजू तव्याजवळ नेत होती, क्षणभर थांबत होती आणि भाकरी टाकत होती. एकही करपली नाही. मी मनात म्हटलं, ही तर आमच्यातली निघाली. कारखान्यात मोटार तापली का हे आम्हीही हाताच्या मागच्या बाजूनेच बघायचो. तळहात लावायचा नाही, कारण चुकून करंट असला तर मूठ आवळली जाते आणि हात सुटत नाही. आणि हात लावून दहा आकडे मोजायचे. दहापर्यंत हात ठेववला तर ठीक, आधीच काढावा लागला तर मशीन बंद.

हे मला येत होतं. चौतीस वर्षं येत होतं. म्हणूनच पुढचं लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

आषाढ संपत आला होता. रंभा लादी पुसता पुसता म्हणाली, "काका, बाजूच्या मॅडमची मशीन तापते."

"कुठली मशीन?"

"कपड्यांची. वरची बटनाची पट्टी. पयला घाणा झाला की कोमट असते, दुसऱ्याला हात ठेववत नाय."

मी पेपर वाचत होतो. पेपरातून डोकंही वर न काढता मी म्हणालो, "अगं, पॅनल आहे ते. आत सर्किट असतं. थोडं तापणारच. मोबाईल चार्जिंगला लावला की तापत नाही का?"

"मोबाईल तापतो तो येगला, काका. मना मशीन कलत नाय, पन तवा कलतो. ह्यो तव्यावानी तापतोय."

"काही होत नाही गं," मी म्हणालो. शेजारचं दार दहा पावलांवर होतं. मी उठलो नाही.

निशिगंधा घरूनच काम करते. सकाळपासून कानाला हेडफोन, समोर लॅपटॉप. वाईट बाई नाही. हे लिहिताना माझा हात अडतो, पण लिहितो. वाईट माणसावर रागवणं सोपं असतं. ही मला अहो काका म्हणते, दिवाळीला फराळ देते. तिची मशीन ड्राय बाल्कनीत आहे, पुढून दार उघडणारी. बाल्कनीत कबुतरांचा सुळसुळाट, जाळी लावली तरी कुठून तरी शिरतात आणि घाण करतात. म्हणून तिने मशीनला जाड प्लास्टिकचं कव्हर शिवून घेतलं, अंगाला घट्ट बसणारं, वरची बाजू, मागची बाजू, सगळं झाकलेलं. फक्त पुढे एक चेन. चेन उघडायची, कपडे भरायचे आणि कव्हर न काढताच मशीन लावायची, असा तिचा नियम. वर पुन्हा पावडरचे डबे आणि चिमट्यांची टोपली. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, कुबट वास येतो, म्हणून दोन्ही घाणे गरम पाण्याचे. मशीनमधला हीटर तासन् तास चालू, आणि मशीनला श्वास घ्यायला एक फट नाही. आमच्याकडची सगळी घरं अशीच. वस्तू वापरण्यापेक्षा झाकून ठेवण्यात आपला जीव जास्त. रिमोटला प्लास्टिक, सोफ्याला चादर, मशीनला कव्हर.

रंभाने निशिगंधालाही सांगितलं. एकदा नाही, तीनदा. शेवटी निशिगंधाने कंपनीच्या माणसाला बोलावलं. तो आला दुपारी तीनला. मशीन सकाळी अकराला बंद झालेली. त्याने कव्हरावरूनच हात फिरवला, बटणं दाबून बघितली, दोन मिनिटं रिकामी फिरवली आणि म्हणाला, "नॉर्मल है, मॅडम." रंभा तेव्हा माझ्याकडे दुपारची भांडी घासायला परत आली होती. ती हात पुसून धावत गेली आणि त्याला म्हणाली, "आता नाय हो, दुसऱ्या घाण्याला हात लावून बगा." तो निशिगंधाकडे बघून हसला. निशिगंधाही हसली. तापलेल्या वस्तूची तपासणी ती गार असताना करायची, याला काय म्हणावं? तापाचं पोर डॉक्टरकडे न्यावं आणि डॉक्टरने त्याची चप्पल तपासावी, तशातली गत.

आणि मग तो वास आला.

श्रावणाच्या दुसऱ्या मंगळवारी साडेअकराच्या सुमारास निशिगंधा तणतणत माझ्या दारात आली. मागे रंभा, खांद्याला तिची कापडी पिशवी. निशिगंधाचा मंगळवारचा उपास. "काका, तुम्हीच सांगा ह्यांना. श्रावण चालू आहे, माझ्या घरात देवाचं सगळं असतं, आणि ह्या सुकट घेऊन येतात. अख्ख्या घरात वास सुटलाय."

"मी नाय आनली," रंभा म्हणाली. "वास येतोय, मना पन येतोय. पन तो मशीनीतनं येतोय."

"मशीनमधून सुकटीचा वास? मावशी, मी काय कुक्कुलं बाळ आहे का? तुम्ही मशीनला सुकट खायला घालता का?"

"आमचा पन श्रावन हाय, मॅडम. गनपतीपरेंत आमच्या घरात मासली शिजत नाय. गोविंदा जालं टाकतो, पन आनतो ती परस्पर इकतो."

"मग डबा दाखवा."

इथे मी बोलायला हवं होतं. माझं घर होतं, माझा ओटा होता, मी वयाने मोठा होतो. एका बाईने दुसऱ्या बाईला तिचा जेवणाचा डबा उघडून दाखवायला सांगावं, हे घडत असताना मी चष्मा पुसत बसलो. रंभाने पिशवीतून डबा काढला. ओट्यावर आपटला आणि झाकण उघडलं. आत तोंडल्याची भाजी आणि दोन भाकऱ्या. निशिगंधाने वाकून बघितलं आणि म्हणाली, "मग हाताला असेल. कपड्यांना असेल. रोज त्यातच राहता ना तुम्ही."

रंभाने झाकण लावलं. त्या दिवशी ती डबा न खाताच घरी गेली.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, "सर्व सदस्यांनी आपापल्या मेड्सना श्रावणात नॉनव्हेज आणू नये अशी सक्त सूचना द्यावी." खाली पन्नास-साठ अंगठे. त्यातला एक अंगठा माझा होता. कुणीतरी मशीनला सुकट खाऊ घातल्याचा विनोद टाकला, त्याला मी हसरा चेहराही चिकटवला. मला तेव्हा विनोदच वाटला.

शनिवारी दुसरा घाणा चालू होता. रंभा बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. पॅनलवरचे सगळे दिवे एकदम लागले, कुणी हात न लावता. मशीन पीं पीं करायला लागली. आतून चरचर आवाज आला आणि कव्हराखालून धूर निघाला. रंभाने बटणाला हात लावला नाही. पाण्याची बादली शेजारी होती, तीही उचलली नाही. तिने झाडूचा लाकडी दांडा घेतला आणि भिंतीवरचं मेन बटण दांड्याने खाली पाडलं. मग त्याच दांड्याने वितळायला लागलेलं कव्हर ओढून काढलं. हे सगळं करून तिने हाक मारली. आतल्या खोलीत निशिगंधाची मीटिंग चालू होती आणि तिचा चार वर्षांचा मुलगा बाल्कनीलगतच्या खोलीत झोपला होता. हेडफोनमुळे तिला तिसऱ्या हाकेला ऐकू आलं.

ती आली तेव्हा तिला काय दिसलं? पॅनल वाकडं झालेलं, भिंत काळी पडलेली, आणि रंभाचे ओले हात.

"ओल्या हाताने बटणं दाबलीत ना तुम्ही?" हा तिचा पहिला प्रश्न. मुलगा ठीक आहे का, हा दुसरा.

सोमवारी नऊ वाजले, सव्वानऊ झाले, रंभा आली नाही. ती कधी उशीर करत नाही. साडेनऊला तिचा फोन आला. "काका, मी गेटवर हाय. लाल होतंय."

मी खाली गेलो. गेटच्या बाहेर फुटपाथवर ती उभी होती, छत्री मिटलेली, पाऊस नव्हता. आत येणाऱ्या बायका तिच्याकडे बघत होत्या आणि नजर चुकवत होत्या. मी माझ्या मोबाईलवर तिचं पान उघडलं. एक तारा. खाली कारण, "अस्वच्छता. सूचना देऊनही मांसाहार आणते. निष्काळजीपणामुळे महागडी मशीन जळाली." मी ते तिला वाचून दाखवलं, कारण तिने विचारलं. बाकीच्या दोन घरांचेही फोन येऊन गेले होते, उद्यापासून नको म्हणून. एकीने तर दुसरी बाई मिळायचीही वाट बघितली नाही, आजपासूनच नको म्हणाली.

"निष्कालजी," रंभा म्हणाली. "म्हयनाभर सांगतेय मी. मना वास येत व्हता तेव्हा मी त्यांना बोलली, हा मासलीचा नाय, मासलीसारखा हाय. मी मासलीत जल्मली, मना फरक कलत नाय का? सुकट भाजली की वास मोठा होतो नि जातो. ह्यो वास मशीन चालू असली की येतो नि बंद झाली की जातो. पन माझं कोन ऐकणार?"

मासळीसारखा. मशीन चालू असली की येतो, बंद झाली की जातो.

मी तिथेच गेटच्या कठड्याला टेकलो. अहो, हा वास मला माहीत होता! कारखान्यात पहिल्याच वर्षी आमच्या फोरमनने मला एका पॅनलसमोर उभं केलं होतं आणि म्हणाला होता, हा वास नाकात भरून घे. काही जातीचं प्लास्टिक आणि वायरीवरचं आवरण जळायच्या आधी, धूर निघायच्या आधी, तापून मासळीसारखा वास सोडतं. कुठे मासे शिजत नसताना मासळीचा वास आला की आधी मेन स्विच पाडायचा, मग कारण शोधायचं. मी स्वतः वीस पोरांना हे शिकवलं. आणि माझ्या दारात दोन बायका उभ्या राहून त्याच वासावरून भांडत होत्या तेव्हा मी, विठ्ठल वायरमन, चष्मा पुसत होतो. कारण तो वास एका गावठाणातल्या बाईच्या नावाला चिकटवला गेला होता, आणि एकदा तसा चिकटला की आमच्यासारख्यांना तो मशीनला असू शकेल असं सुचतच नाही. मला माझी लाज वाटली. अजून वाटते.

"रंभा, माझं चुकलं," मी म्हणालो.

"आता चुकून काय व्हतंय, काका?" ती म्हणाली आणि गावठाणाकडे चालायला लागली.

मी कुंडलिकला फोन लावला. कुंडलिक माझा कारखान्यातला जुना जोडीदार, कारखाना सुटल्यावर ठाकुर्लीत वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. दुपारी तो हत्यारांची पिशवी घेऊन हजर. निशिगंधा नव्या मशीनच्या मागे होती, जुनी बघायला तिने नाही म्हटलं नाही. कुंडलिकने पॅनल खोललं आणि आतला सर्किटचा बोर्ड हातात धरून माझ्याकडे बघितलं.

"हे बघ. हीटरच्या रिलेची, म्हणजे हीटर चालू-बंद करणाऱ्या खटक्याची पिन. सैल होती. मशीन थरथरते, पिन ढिली पडते. ढिल्या पिनेतून हीटरचा करंट गेला की तिथेच तापतं. आज नाही, महिनाभर तापतंय. आधी पिवळं, मग तपकिरी, मग हे असं कोळसा. वरून ह्यांनी गोधडी घातलेली, वारा जायला जागा नाही, तर उष्णता जाणार कुठे?"

"ओल्या हाताने होईल का?" मी मुद्दाम निशिगंधासमोर विचारलं.

"ओल्या हाताचं पाणी पुढून बटणांतून शिरतं. बटणं बघ, कोरडी ठणठणीत. जळालंय ते मागून पुढे." मग तो तिच्याकडे वळला. "मॅडम, पॅनल कोमट होणं वेगळं. गरम पाण्याचा घाणा लावला की थोडी ऊब येते, चालतं. पण हात ठेववत नाही, वास येतो, प्लास्टिकचा रंग बदलतो, दिवे आपोआप लागतात, नाहीतर मशीन बंद असूनही पॅनल गरम लागतं, यातलं एक जरी दिसलं तरी भिंतीवरचं बटण बंद करायचं आणि माणूस येईपर्यंत चालू करायचं नाही. तुमच्या बाईंनी बटण पाडलं म्हणून नुसती भिंत काळी झाली. ह्या कव्हराने पेट घेतला असता तर शेजारची खोली गेली असती."

शेजारच्या खोलीत मुलगा रंगपेटी घेऊन बसला होता. निशिगंधाने एकदा तिकडे बघितलं आणि म्हणाली, "ॲपमध्ये काय लिहायचं ते सेक्रेटरींशी बोलून ठरवू." मुलाकडे बघूनही तिला हेच सुचलं!

बोर्ड मी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून घेतला. मंगळवारी संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात बैठक होती. सेक्रेटरी मितेश, कमिटीचे दोघं, निशिगंधा. रंभाला गेटवरून आत घ्यायला मला वहीत सही करावी लागली, पाहुणी म्हणून. ती ऑफिसच्या दारात उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही. मी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, त्याखाली पिशवीचं तोंड सोडलं आणि काही न बोलता बसून राहिलो. मितेश अजेंडा वाचत होता. दोन मिनिटं गेली. त्याने नाक वर केलं.

"अरे यार, सुकट कोणी आणली इथे?"

आणि त्याने दाराकडे, रंभाकडे बघितलं. कमिटीच्या दोघांनीही तिकडेच बघितलं. निशिगंधानेसुद्धा. चौघांच्या माना एकदम वळल्या. मला इतका संताप आला की टेबलावर मूठ आपटली आणि पाण्याचा ग्लास लवंडला.

"तिकडे काय बघता? इकडे बघा!" मी वर्तमानपत्र ओढलं. "ही तुमची सुकट. निशिगंधाच्या मशीनमधली. हुंगा, प्रत्येकाने हुंगा."

मितेशने वाकून हुंगलं. मग पुन्हा हुंगलं. बोर्ड हातोहात फिरला. निशिगंधाने तो नाकाजवळ नेला, आणि तिचा चेहरा उतरला. मी त्यांना कुंडलिकचं सगळं सांगितलं, माझ्या फोरमनचं सांगितलं, माझ्या अंगठ्याचंही सांगितलं. रंभा महिनाभर सांगत होती आणि आपल्यातला एकही जण हात लावून बघायला उठला नाही, हे तीनदा सांगितलं.

कमिटी विचारात पडली. मितेश म्हणाला, रिमार्क काढून टाकू, पास चालू करू. एक जण म्हणाला, प्रोसिजरप्रमाणे बाईंनाही काळजी घ्यायची समज द्यावी. त्याला मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. समज दिली गेली नाही. पण "माफ करा" हे दोन शब्दही कुणाच्या तोंडून निघाले नाहीत. रात्री ग्रुपवर मेसेज आला, "सी टॉवर मेड इश्यू रिझॉल्व्ड. थँक्यू ऑल." पुन्हा पन्नास-साठ अंगठे. या वेळी मी अंगठा दिला नाही. मी खाली लिहिलं, "रंभाच्या डब्यात तोंडल्याची भाजी होती."

दुसऱ्या दिवशी गेट हिरवं झालं. बाकीच्या दोन घरांनी काही झालंच नाही अशा थाटात तिला परत बोलावलं. निशिगंधा माझ्या दारात आली, या वेळी हळू आवाजात. "मावशी, आजपासून याल ना? नवीन मशीन आलीय. आता सगळं क्लिअर झालंय."

रंभा ओट्याशी उभी होती. तिने हात पुसले.

"नाय मॅडम. तुमी माझा डबा उघडून बघितलात. मशीन नाय उघडून बघितली."

निशिगंधा तशीच परत गेली. चारातलं एक घर रंभाने स्वतः सोडलं. तिला ते परवडणारं नाही, हे मला ठाऊक आहे. मी तिला तसं म्हणालोही. ती आमचे कपडे मशीनमध्ये भरायला लागली. आमच्या मशीनलाही सुनेने कव्हर घातलं होतं. रंभाने ते काढून, घडी करून माझ्या मांडीवर आणून ठेवलं.

पहिला घाणा झाला. मी पेपर वाचत होतो. दुसरा घाणा अर्ध्यावर आला तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"काका, उठा."

"काय झालं? तापली?"

"मना इचारू नका. उठा नि हात लावा."

मी पेपर खाली ठेवला आणि उठलो. हाताची मागची बाजू पॅनलवर टेकवली आणि मोजायला लागलो. रंभा शेजारी उभी राहून ऐकत होती. कोमट होतं. दहापर्यंत हात राहिला. तरी मी वाकून वास घेतला, मग भिंतीवरच्या प्लगलाही हात लावून बघितला, आणि तिला सांगितलं, ठीक आहे.

"हां," ती म्हणाली. "आता बसा."